आई-बाबांच्या घरची सायबर सुरक्षा: अँटिव्हायरस घेण्याआधी करायच्या गोष्टी

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडतो, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही कळेल. तुम्ही नोकरीसाठी पुण्यात आहात, आई-बाबा नाशिकला इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये दोघंच. घरात दोन अँड्रॉइड फोन, एक जुना विंडोज लॅपटॉप, स्मार्ट टीव्ही, फायबरचं वायफाय आणि गेल्या वर्षी बसवलेले चार कॅमेरे. बाबांना त्यांच्या सकाळी फिरायला जाणाऱ्या मित्राच्या नंबरवरून 'ई-चलान' नावाची फाइल आली, त्यांनी ती दाबली, फोनने काहीतरी परवानगी मागितली तेव्हा ते घाबरून बाहेर आले. हे ऐकल्यावर कॅमेरेवाल्याने सगळ्या उपकरणांसाठी अँटिव्हायरसचं वर्षाचं पॅकेज पुढे केलं. ते घ्यावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी नाशिकमध्ये घरांची आणि सातपूर-अंबडकडच्या लहान कारखान्यांची नेटवर्कं बसवतो आणि सांभाळतो. पॅकेजचं उत्तर शेवटी देतो, कारण तो मुद्दा सगळ्यात कमी महत्त्वाचा आहे. तुम्हाला वाटतंय की अडचण उपकरणांची आहे. माझ्या मते खरी अडचण अशी: दुपारी जेवून जरा आडवं झालेल्या माणसाला फोन येतो, झोपेत एक चुकीचं बटण दाबलं जातं. त्या एका बटणाने जास्तीत जास्त किती नुकसान व्हावं, हे आपल्याला आधी ठरवून ठेवता येतं का? येतं, आणि बरंचसं फुकटात येतं.

'सावध राहा' हा सल्ला मी देत नाही. समोरचा दिवसभर हेच काम करतो, तुमचे बाबा वर्षातून दोनदा त्याच्या तावडीत सापडतात. त्यांनी दर वेळी जिंकावं ही अपेक्षाच चुकीची. म्हणून सवयी कमीत कमी लावायच्या आणि एकदा करून विसरून जाता येईल अशी व्यवस्था जास्त करायची.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. बाबा स्वतः यूपीआय आणि नेट बँकिंग करतात की तुम्ही पुण्यातून करून देता? फोनला अजून सुरक्षेचे अपडेट येतात का? कॅमेरे घराबाहेरून पाहायची खरंच गरज आहे का? या उत्तरांनुसार खालचं थोडं बदलेल.

आधी ती फाइल. तिचं नाव 'ई-चलान', 'लग्नपत्रिका', 'गॅस बिल' काहीही असो, शेवटी 'डॉट एपीके' असतं. म्हणजे तो फोटो नाही की पीडीएफ नाही, ते अख्खं ॲप असतं. दाबल्यावर फोन म्हणतो की या ठिकाणाहून ॲप टाकायला परवानगी नाही, सेटिंग्जमध्ये जा. तिथलं एक बटण चालू केलं की ॲप बसतं. मग ते एसएमएस वाचायची परवानगी मागतं, कधी स्वतःलाच एसएमएसचं मुख्य ॲप करून घेतं, कधी 'ॲक्सेसिबिलिटी' (स्क्रीन वाचायची आणि आपल्या वतीने बटणं दाबायची परवानगी) मागतं. बऱ्याचदा त्याचं चिन्ह स्क्रीनवरून गायब होतं, आणि माणसाला वाटतं की काही झालंच नाही. मागून प्रत्येक ओटीपी दुसरीकडे जात राहतो आणि तीच फाइल व्हॉट्सॲपवरून ओळखीच्यांना सुटते. बाबांना ती मित्राच्या नंबरवरून आली ती अशीच. त्या मित्राला साधा फोन करून सांगा, कारण त्यांच्या फोनमध्ये ते बसलेलं आहे.

बाबा परवानगीच्या पायरीवर थांबले असतील तर बहुधा काही झालेलं नाही. तरी खात्री करा. सेटिंग्जमध्ये 'स्पेशल ॲप ॲक्सेस' नावाचा विभाग असतो, त्यात 'इन्स्टॉल अननोन ॲप्स'. तिथे व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर, सगळ्यांसमोरचं बटण बंद हवं. मग 'ॲक्सेसिबिलिटी', 'डिव्हाइस ॲडमिन' आणि 'नोटिफिकेशन ॲक्सेस' या तीन याद्या पाहा. अनोळखी नाव दिसलं तर ते तिथून बंद करून ॲप काढा. एसएमएसचं मुख्य ॲप तुमचंच आहे ना तेही बघा. प्ले स्टोअरमधलं 'प्ले प्रोटेक्ट' (फोनमधली ॲप तपासणारी सोय) चालू ठेवा. ॲप बसलंच होतं असं आढळलं तर फोन एअरप्लेन मोडवर टाका, सिम काढा, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, फोटो वाचवून फोन फॅक्टरी रीसेट करा आणि सगळे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदला. अशा फोनवर नुसतं ॲप काढून भागलं असं मी कधीच मानत नाही.

आता पैसा. बाबांची पेन्शन जिथे जमा होते, तेच खाते यूपीआयला जोडलेलं असेल तर आधी ते सोडवा. दुसरं एक बचत खातं घ्या, महिन्याला लागेल तेवढीच रक्कम बँकेत स्थायी सूचना देऊन तिकडे वळवा आणि यूपीआय फक्त त्या खात्यावर ठेवा. पेन्शनच्या खात्याचं नेट बँकिंग शाखेत अर्ज देऊन 'फक्त पाहण्यापुरतं' करून घ्या. अनेक बँकांमध्ये ही सोय असते, पण ती विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. याचं कारण मुदत ठेवी. लोकांना वाटतं, एफडी सुरक्षित आहे, तिला कोण हात लावणार. पण पूर्ण अधिकाराच्या नेट बँकिंगमधून एफडी ऑनलाइन मोडता येते, आणि चोरांनाही ते माहीत असतं. डेबिट कार्डावर ऑनलाइन आणि परदेशी व्यवहार बंद-चालू करायची सोय बँकांनी द्यायलाच हवी, असा रिझर्व्ह बँकेचा २०२० पासूनचा नियम आहे. बाबा ऑनलाइन खरेदी करत नसतील तर दोन्ही बंद करून टाका. यूपीआयची रोजची मर्यादा साधारणपणे एक लाख असते, बऱ्याच बँकांत ती कमी करता येते. आई-बाबांना पाच हजार पुरतात.

हे सगळं करायला शाखेत अर्धा दिवस मोडेल. पण या एका कामानंतर कुणी पिन काढून घेतला तरी जाणार ते महिन्याच्या खर्चाचे पैसे, आयुष्याची पुंजी नाही. या उत्तरातलं एकच काही करणार असाल तर हे करा.

दुसरं महत्त्वाचं म्हणजे मोबाइल नंबर आणि जीमेल. मेल हातात आला की बाकी बहुतेक सगळ्या ठिकाणचे पासवर्ड बदलता येतात, आणि नंबर हातात आला की ओटीपी मिळतो. म्हणून पासवर्डची सगळी मेहनत मेलवर खर्च करा. चार-पाच असंबद्ध मराठी शब्द रोमन लिपीत ओळीने लिहिले तरी चांगला लांब पासवर्ड होतो. नातवाचं नाव आणि जन्मसाल नको. तुम्ही लिहिलंय की सगळीकडे एकच पासवर्ड आहे आणि तो फ्रिजवर चिकटवलाय. चिकटवण्याला माझी फारशी हरकत नाही, फक्त तो चिठोरा वहीत जाऊ दे आणि वही कपाटात. मात्र यूपीआय आणि एटीएमचा पिन त्या वहीतही नको. सत्तरीच्या माणसाला पासवर्ड मॅनेजर शिकवण्यापेक्षा कपाटातली वही बरी. पासवर्ड चोरणारे बहुतेक कपाटापर्यंत येत नाहीत. 'एकच सगळीकडे' ही मात्र खरी अडचण आहे. कुठल्या तरी किरकोळ खरेदीच्या साइटवरून तो फुटला की पहिल्यांदा मेलवर चालवून पाहिला जातो.

जीमेलला टू-स्टेप (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) चालू करा, रिकव्हरीसाठी तुमचा नंबर द्या, बॅकअप कोड छापून त्याच वहीत ठेवा. व्हॉट्सॲपमध्ये 'टू-स्टेप व्हेरिफिकेशन'चा सहा आकडी पिन घाला आणि 'लिंक्ड डिव्हाइसेस'मध्ये अनोळखी संगणक नाही ना ते पाहा. सिमला पिन लावावा का, याबद्दल मी माणूस बघून सांगतो. फायदा खरा आहे: रविवार कारंजाच्या गर्दीत फोन गेला तर चोराला सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून ओटीपी घेता येत नाही. पण तीनदा पिन चुकला की पीयूके (मोबाइल कंपनीकडून मिळणारा सिम उघडायचा कोड) मागतो आणि सिम अडकतं. बाबा विसराळू असतील तर नको. फोन गेलाच तर सिम लगेच बंद करा, पोलिसांत तक्रार द्या आणि दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' पोर्टलवरून त्या फोनचा आयएमईआय (प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक) ब्लॉक करा. त्याच पोर्टलवर आपल्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत तेही दिसतं. आई आणि बाबा, दोघांचंही पाहा.

फोन कॉलबद्दल घरात एकच नियम ठेवा. पैसे, ओटीपी, अटक, केवायसी किंवा 'आज रात्री साडेनऊला तुमची वीज तोडणार' यापैकी काहीही कानावर पडलं की 'मुलाशी बोलून सांगतो' एवढंच म्हणायचं आणि फोन ठेवायचा. खरं-खोटं ओळखत बसायचं नाही, वाद घालायचा नाही. बँकेशी बोलायचं असेल तर कार्डाच्या मागच्या नंबरवर आपण फोन लावायचा. बँकेची साइट उघडायची तर पत्ता 'डॉट बँक डॉट इन'ने संपतो का ते पाहायचं. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिकडे जायला सांगितलं होतं. यूपीआय पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच नाही. कुणी सांगितलेला स्टार-हॅशचा कोड डायल करायचा नाही, त्यातून तुमचे कॉल दुसरीकडे वळवता येतात. 'डिजिटल अरेस्ट' (व्हिडिओ कॉलवरची अटक) नावाची गोष्ट कायद्यात नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये हे सांगितलं होतं. व्हिडिओ कॉलवर खाकी वर्दी दिसली तरी कॉल कापायचा.

या नियमाची दुसरी बाजू तुमच्याकडे आहे. त्यांचा फोन आला की मीटिंग असली तरी उचलायचा, आणि काहीही झालेलं असो, ओरडायचं नाही. हे मी भावनेपोटी सांगत नाही. मला अशा प्रकरणांत बोलावतात तेव्हा बहुतेकदा दोन दिवस उलटून गेलेले असतात, कारण वडिलांनी 'मुलगा रागावेल' म्हणून घरात सांगितलेलं नसतं. त्या दोन दिवसांत पैसा खात्याखात्यातून फिरून निघून जातो. 'बाबा, तुम्हाला कितीदा सांगितलं!' हे वाक्य फार महागात पडतं.

जाता जाता नाशिककरांसाठी एक: २०२७ च्या सिंहस्थाच्या नावाने खोल्यांचं बुकिंग, तंबू, खास दर्शन अशा लिंक येणार हे धरून चाला. प्रयागराजला २०२५ च्या कुंभात खोट्या बुकिंग साइट्सबद्दल पोलिसांना इशारे द्यावे लागले होते. तुमची खोली भाड्याने देणार असाल तर 'ॲडव्हान्स पाठवतो, हा कोड स्कॅन करा' म्हणणारे गिऱ्हाईकही भेटेल. स्कॅन करून पिन टाकला की पैसे आपले जातात, येत नाहीत.

आता कॅमेरे. लोक हा भाग सोडून देतात आणि मला सगळ्यात जास्त घाण इथेच सापडते. २०१६ मध्ये 'मिराय' नावाच्या मालवेअरने (घातक सॉफ्टवेअरने) जगभरचे कॅमेरे, डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) आणि राऊटर ताब्यात घेतले. त्यात मोठी करामत काही नव्हती. कारखान्यातून येणाऱ्या नाव-पासवर्डच्या साठेक जोड्यांची यादी होती आणि ती एकेक करून लावून पाहिली जायची. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला अशाच उपकरणांच्या फौजेने साइट्सचे पत्ते शोधून देणाऱ्या 'डाइन' या कंपनीवर मारा केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या साइट्स तासन्‌तास उघडेनाशा झाल्या. नवे डीव्हीआर पहिल्यांदा सुरू करताना पासवर्ड ठेवायला लावतात खरे, पण बसवणारा सगळीकडे एकच ठेवतो, बऱ्याचदा 'ॲडमिन' आणि पुढे एक-दोन-तीन.

त्याहून वाईट गोष्ट मोबाइल ॲपमध्ये असते. बसवणारा घाईत स्वतःच्या फोनवर डीव्हीआरचा क्यूआर कोड स्कॅन करतो, स्वतःच्या खात्यात तो जोडतो आणि मग तुम्हाला 'शेअर' करून देतो. म्हणजे मालक तो, तुम्ही पाहुणे. तुमच्या ॲपमध्ये डीव्हीआरची सेटिंग्ज उघडून पाहा. 'अमुक नंबरवरून शेअर केलेले' असं दिसलं किंवा पासवर्ड बदलायचा पर्यायच दिसला नाही, तर समजा हेच झालंय. त्याला सरळ सांगा की तुझ्या खात्यातून काढ, माझ्या खात्यात टाक. वाईट वाटून घ्यायचं कारण नाही, बहुतेकांचा हेतू वाईट नसतो, सर्व्हिस कॉल आला की घरबसल्या बघता यावं एवढाच असतो. पण त्याचा फोन हरवला किंवा त्याचा पोरगा काम सोडून गेला तर तुमचा हॉल कुणाला दिसतोय हे तुम्हाला कधीच कळणार नाही. तो टाळाटाळ करत असेल तर उत्पादकाच्या हेल्पलाइनकडून डीव्हीआर रीसेट करून घ्या.

पासवर्ड बदलल्यावर राऊटरच्या सेटिंग्जच्या पानावर 'पोर्ट फॉरवर्डिंग'ची (बाहेरून आत यायच्या वाटांची) यादी उघडा. तिथे ८००० किंवा ३७७७७ असे आकडे दिसले तर डीव्हीआर थेट इंटरनेटला उघडा आहे, ती ओळ काढून टाका. 'यूपीएनपी' (उपकरणांना अशा वाटा आपोआप उघडू देणारी सोय) बंद करा, नाहीतर डीव्हीआर ती वाट स्वतःच पुन्हा उघडतो. आणि हॉलमधला कॅमेरा सोफ्यावर रोखलेला असेल तर दाराकडे फिरवा. बाबा त्याच सोफ्यावर बसून पिन टाकतात. बाहेरून पाहायची गरज नसेल तर डीव्हीआरची नेटवर्क केबल काढली की झालं, रेकॉर्डिंग चालूच राहतं.

राऊटरचं काम वीस मिनिटांचं. वायफायचा पासवर्ड हा बहुतेक घरांत मोबाइल नंबर असतो आणि तो निम्म्या सोसायटीला माहीत असतो, तो बदला. राऊटरच्या आतल्या पानाचा पासवर्ड वेगळा असतो, तोही बदला; कॉलनीत जोडण्या देणारा मुलगा अनेकदा सगळ्यांना एकच ठेवतो. सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए-टू किंवा थ्री हवा, 'डब्ल्यूपीएस' (पासवर्डऐवजी बटण किंवा पिनने वायफाय जोडायची सोय) आणि 'रिमोट मॅनेजमेंट' (घराबाहेरून राऊटरची सेटिंग्ज बदलायची सोय) बंद. गेस्ट नेटवर्क (पाहुण्यांसाठीचं वेगळं वायफाय) असेल तर टीव्ही आणि वायफायवर चालणारे कॅमेरे त्यावर टाका, म्हणजे त्यांच्यात काही शिरलं तरी फोन-लॅपटॉप वेगळे राहतात. यात एक गैरसोय आहे: फोनवरचा व्हिडिओ टीव्हीवर पाठवणं बंद पडेल. आईची कुरकुर झाली तर टीव्ही परत मुख्य वायफायवर आणा, कॅमेरे मात्र तिकडेच राहू द्या. कंपनीने राऊटरची काही पानं कुलूपबंद केलेली असतील तर त्यांच्या ग्राहक सेवेला सांगून करून घ्या.

शनिवार-रविवारी याल तेव्हा क्रम असा ठेवा: शनिवारी सकाळी बँक (दुसरा-चौथा शनिवार सोडून), दुपारी दोन्ही फोन आणि मेल, रविवारी राऊटर आणि कॅमेरे. वेळ संपला तर राऊटर राहू द्या, बँक राहू देऊ नका.

एवढं करूनही काही घडलंच तर पहिला फोन १९३० ला (सायबर फसवणुकीची राष्ट्रीय हेल्पलाइन), दुसरा बँकेला. १९३० वर व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम सांगितली की पैसा ज्या खात्यांत गेला ती गोठवायचा प्रयत्न लगेच सुरू होतो, म्हणून इथे मिनिटांना किंमत आहे. नंतर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर लेखी तक्रार आणि गरज पडली तर शहरातलं सायबर पोलीस ठाणे. सिन्नर-निफाडकडचे असाल तर नाशिक ग्रामीणचं. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात असं आहे की चूक ना तुमची ना बँकेची, आणि तुम्ही तीन कामाच्या दिवसांत कळवलंत, तर तोटा तुमच्या माथी येत नाही. पण पिन किंवा ओटीपी आपणच दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचा तोटा आपला धरला जातो. दोन्ही बाबतींत लवकर कळवण्यातच फायदा आहे, आणि तक्रारीचा क्रमांक लिहून घ्यायला विसरू नका.

राहिलं अँटिव्हायरस पॅकेज. घेऊ नका. कॅमेरे आणि राऊटरवर ते बसतच नाही, त्यामुळे 'सगळ्या उपकरणांसाठी' हे अर्धंच खरं. फोनवर प्ले प्रोटेक्ट आणि बंद केलेली ती बटणं पुरेशी आहेत. लॅपटॉपवर विंडोजसोबत येणारं डिफेंडर चांगलं काम करतं, पण विंडोज कुठलं आहे ते पाहा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लॅपटॉप ११ पेलत नसेल तर त्यावर बँकेचं काम करू नका. फोटो आणि यूट्यूबपुरता ठेवा. पॅकेजचे पैसे एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर घाला, फोटो-कागदपत्रं तिच्यावर उतरवा आणि काम झालं की ती काढून ठेवा. कायम जोडलेली राहिली तर रॅन्समवेअर (फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर) तिच्यावरच्या फाइलीही बंद करतं.

डीव्हीआरचा जुना-नवा प्रकार कळल्याशिवाय रीसेटची पद्धत सांगता येत नाही. खालच्या स्टिकरवरचं मॉडेल लिहा, म्हणजे सांगतो. स्टिकरचा फोटो टाकणार असाल तर सिरियल नंबर आणि क्यूआर कोड झाकून टाका.